कुर्डू की कोंबडा?

पहाटे साडेपाच

चहाच्या आधी परसात जाऊन मूठभर माती उचलायची, मुठीत दाबायची आणि अंगठ्यानं ढोसून बघायची. गोळा तसाच राहिला, बोटाला लिबलिबीत लागला, तर खुरपं आज खुंटीवरच. ढोसताच भुगा होऊन खाली पडला तर वाफसा आलाय. गोदाकाठच्या आमच्या काळ्या मातीत हा नियम मोडून चालत नाही. ओल्यात खुरपलं की तण मधेच तुटतं, मूळ आत राहतं. उपटून शेजारी टाकलेलं तण चिखलात पुन्हा जीव धरतं. शिवाय तुडवलेला वाफा वाळला की असा टणक होतो, की रोपांनाच श्वास घेणं मुश्कील.

परवाच्या सरीनंतर काल दिवसभर उघडीप होती. आज भुगा झाला.

श्रावणातला शुक्रवार आहे. घरात जिवतीची पूजा, पुरणाचा स्वयंपाक. पण वाफसा वार बघून येत नाही. झेंडूची रोपं तीन आठवड्यांची झालीत. दसऱ्याला फुलं हवी असतील तर ती आता वाफ्यातून उचलून कायमच्या जागी जायला हवीत, आणि उचलायच्या आधी त्यातलं झेंडू कुठलं आणि आगंतुक कुठलं हे निवडायला हवं.

परस म्हणजे घरामागची दीड गुंठ्याची जागा. भिंतीकडेनं जास्वंद, तगर, कण्हेर, मोगरा. ही देवपूजेची कायमची झाडं, त्यांची ओळख पटवायची गरज नाही. अडचण असते ती दरवर्षी बियांतून येणाऱ्यांची. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, तेरडा, गुलबाक्षी, सदाफुली, कोंबडा. आमचा भाग पर्जन्यछायेतला, पाऊस मोजकाच. पण पहिला चांगला पाऊस झाला की आठवड्याभरात सगळी जमीन हिरवी होते, आणि त्या हिरव्यातलं पेरलेलं किती आणि न पेरलेलं किती हे दोन पानांवर कळत नाही.

सहा

गोणपाट अंथरून वाफ्याशी बसले. उभ्यानं खुरपता येतं, ओळखता येत नाही. सकाळच्या तिरप्या उजेडात पानावरची लव दिसते, देठाचा तांबूसपणा दिसतो. नऊनंतर ऊन वर चढलं की सगळं एकाच हिरव्या रंगाचं.

माझं एक ठाम मत आहे, आणि गावातल्या बायकांना मी ते न विचारता सांगते. तणं ओळखायला शिकण्याच्या फंदात पडू नये. केना, दुधी, घोळ, माका, एकदांडी, तांदुळजा, काटेमाठ, आघाडा, हरळी, लव्हाळा, भुईआवळी, पिवळी तिळवण, ही यादी श्रावणात कुठं थांबत नाही. आणि कोवळेपणी यातल्या निम्म्यांचं रूप पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. त्यापेक्षा आपण काय पेरलंय ते पाठ करावं. माझी फुलं सात. सातांची पहिली पानं डोळ्यांत बसली की बाकीच्यांची नावं माहीत नसली तरी चालतं.

दुसरं, बी फेकायचं नाही, रेघेत टाकायचं. बोटानं सरळ रेघ ओढायची, वीतभर सोडून दुसरी. तणाला आपली रेघ माहीत नसते. त्यामुळं दोन रेघांमधलं जे काही असेल ते न तपासता खुरपून काढता येतं, आणि निम्म्याहून जास्त काम तिथंच संपतं. ओळख पटवायची ती फक्त रेघेत घुसलेल्यांची.

झेंडूची रेघ. झेंडूचं बी काळं, सुईसारखं, मागं फिकट शेपूट असलेलं. उगवताना रोप पुष्कळदा ते टरफल डोक्यावर घेऊनच वर येतं. पहिल्या दोन पानांच्या टोकाला काळी काडी अडकलेली दिसली की शंका उरत नाही, पण ती दोन-चार दिवसांत गळून पडते. ही पहिली दोन पानं लांबट, अरुंद, गुळगुळीत, कातर नसलेली. खरी पानं त्यानंतरची. ती येतात जोडीनं, समोरासमोर, आणि पहिल्या जोडीपासूनच पिसासारखी कातरलेली, प्रत्येक पाकळीला बारीक दात. देठ खाली जांभळट.

एवढं बघूनही खात्री होत नसेल तर एक पान खुडून उन्हासमोर धरायचं. पानाच्या कडेनं बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. बोटांत चुरडलं की झेंडूचा वास येतो तो तिथूनच, फूल यायला दीड-दोन महिने अवकाश असला तरी. रेघेतल्या ज्या रोपाला हे ठिपके नाहीत ते कितीही नक्षीदार असो, माझं नाही.

साडेसात

मावशी आल्या. त्यांचा जन्म खुरपणीत गेला. ऊस, कांदा, सोयाबीन, मका, सगळ्या रानांत. अर्ध्या दिवसासाठी माझ्याकडं येतात त्या मजुरीपेक्षा फुलांच्या हौसेनं, असं मला वाटतं. त्यांना बहुधा तसं वाटत नसावं. मी पान उन्हासमोर धरलेलं बघून हसल्या. रेघेतलं एक रोप बोटानं दाखवून म्हणाल्या, "बाई, ह्यो तुमचा झेंडू न्हाई. काँग्रेस हाये."

"कशावरून?"

"झेंडू उभा ऱ्हातो. ह्यो बसलाय."

एवढ्या कमी शब्दांत हा फरक मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. काँग्रेस गवत, म्हणजेच गाजरगवत, सुरुवातीचे काही आठवडे जमिनीला टेकून पानांचं चक्र पसरतं. खोड वर काढतच नाही. पानं एकेक येतात, जोडीनं नाहीत, आणि सगळी एकाच जागेवरून निघाल्यासारखी दिसतात. कातर असते, पण पहिली दोन-तीन पानं जवळजवळ अखंड, मग हळूहळू कातर खोल होत जाते. रंग राखाडीकडं झुकणारा, वर मऊ लव. पहिली दोन पानं तर अगदी बारकी, गोलसर. झेंडूच्या लांबट पानांशी त्यांचा काही मेळ नाही. पण तीन आठवड्यांनी दोन्हींची कातरलेली पानं शेजारी शेजारी आली की भलेभले फसतात, आणि शेवंतीच्या वाफ्यात तर विचारूच नका.

मावशी ते उपटताना हाताला पदर गुंडाळतात. काँग्रेसनं काहींच्या अंगावर खाज, पुरळ उठतं, आणि एकदा त्रास सुरू झाला की पुढं नुसत्या स्पर्शानंही होतो. मी रबरी हातमोजे देते, त्या घालत नाहीत. "हाताला कळत न्हाई मग," म्हणतात. त्यांचं ओळखणं डोळ्यांपेक्षा बोटांतलं आहे. देठाला हात लागला की लव आहे का, कोन आहे का, रसरशीत आहे का हे कळतं, आणि बोलता बोलता हात चालतो.

"बहात्तरच्या दुष्काळात आलं ह्ये. मिलोसंगं," त्या म्हणाल्या.

आमच्या नगर जिल्ह्यात ही समजूत घट्ट आहे. बहात्तर साली इथल्या लोकांनी रस्त्यावर खडी फोडली आणि मिलो ही परदेशी ज्वारी खाल्ली, तेव्हा जे नकोसं ते सगळं त्या वर्षाच्या नावावर जमा होतं. शिकलेले लोक पीएल-480 चं, म्हणजे अमेरिकेच्या धान्य-मदतीचं, नाव घेतात. पण तारखा तपासल्या तर दोन्ही गोष्टी अडतात. या झाडाची पुण्यातली नोंद आर. एस. राव यांनी 1956 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली, आणि भारताचा पीएल-480 चा पहिला करारच 1956 च्या ऑगस्टमधला. अमेरिकी गहू त्याआधीही येत होता, 1951 मध्ये कर्जानं मोठी खेप ठरली होती. तेव्हा धान्यातून आलं हे म्हणणं पटण्यासारखं आहे, फक्त आपण नेहमी नाव घेतो त्या धान्यातून नसावं. बहात्तरपर्यंत तर ते इथं रुळून मोकळं झालं होतं.

मला गंमत वाटते ती वेगळीच. काँग्रेस गवत मूळचं मेक्सिकोच्या आखाताभोवतालचं. आणि ज्याला वाचवायला मी सकाळपासून वाकून बसलेय तो झेंडूही मेक्सिकोचाच. झिनिया तिथलीच, कॉसमॉस तिथलाच. चौघं एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या. पानांत सारखेपणा दिसतो त्याचं नवल नाही. दसऱ्याला दाराला तोरण एकाचं लावायचं आणि दुसऱ्याला पदर गुंडाळून उपटायचं, हा आपला निवाडा. सातांतला तेरडा मात्र खरा इथला.

मावशींनी उपटलेल्या एका झाडावर भुंगा होता. फिकट पिवळसर पाठ, त्यावर गडद नागमोडी रेघा. हाही मेक्सिकोचा. काँग्रेस खाण्यासाठी मुद्दाम आणून 1984 मध्ये बेंगळूरला सोडलेला. पावसाळ्यात तो जमिनीतून वर येतो आणि पानांची चाळण करतो. मधे तो सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली होती. माझ्या झेंडूवर मात्र तो मी कधी बसलेला पाहिला नाही. त्यामुळं ज्या रोपावर हा भुंगा चरतोय ते काँग्रेस, असं खुशाल धरते. ओळखायचं काम तो माझ्यापेक्षा बरं करतो, आणि पगार मागत नाही.

नऊ

आतून सूनबाईंची हाक. "आई, आघाडा नका हं सगळा उपटू, माळेला हवाय!"

देवघराशेजारी जिवतीचा कागद लावलाय. तिला शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ लागते. ही दोन्ही जगातली अस्सल तणं. हरळीची एक कांडी वाफ्यात राहिली तर महिन्याभरात जाळं विणते. आघाड्याचं बी कपड्याला, कुत्र्याच्या अंगाला, साडीच्या काठाला चिकटून गावभर फिरतं. तरी आमच्या परसात दोन्हींना राखीव कोपरा आहे, मोरीच्या सांडपाण्याजवळ. श्रावणातले शुक्रवार, मग हरतालिका, मग गणपतीची पत्री, तोवर तिथं खुरपं जात नाही. गौरी-गणपती गेले की आघाडा तुरे धरण्याच्या बेतात असतो, तेव्हा मात्र मुळासकट काढायचा. एक दिवसही उशीर नाही.

कोपऱ्याबाहेर उगवलेला आघाडा कोवळा असताना ओळखायला सोपा. पानं समोरासमोर, अंडाकृती, देठाला पेरापेरावर फुगवटा, बोटं फिरवली की कोन लागतात. तीन-चार कोवळे शेंडे खुडून सुनेला दिले. दूर्वा तिनंच निवडल्या. माळ ओवताना ती तीन-तीन पात्यांच्या दूर्वा अशा बारकाईनं बघून घेते, की तिला वाफ्यात बसवलं तर माझ्याहून चांगली निवड करेल. ती बसत नाही. चिखल आवडत नाही तिला.

दहा

आता दिवसातलं सगळ्यांत अवघड काम. न्हाणीघराच्या भिंतीलगतचा पट्टा. इथं मी काही पेरलेलं नाही. गेल्या वर्षी इथं कोंबडा होता, लाल आणि पिवळा. त्याचं काळं, चकचकीत, मोहरीहूनही बारीक बी आपोआप पडलं आणि आता शेकड्यांनी उगवलंय. रेघ नाही. सगळी दाटी. आणि त्या दाटीत कुर्डू.

कुर्डू म्हणजे ज्वारी-बाजरीच्या रानातलं तण. पांढरट-गुलाबी निमुळते तुरे, पावसाच्या शेवटाला माळरानं त्यानं भरतात. कोंबडा त्याचाच जवळचा नातलग. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तर कोंबड्याला कुर्डूचा बागेतला प्रकारच मानतात. म्हणजे इथं झेंडू आणि काँग्रेससारखं लांबच्या भाऊबंदांतलं साम्य नाही. दोन्हींची पहिली पानं लांबट, खरी पानं भाल्यासारखी, एकाआड एक, गुळगुळीत. लव नाही, वास नाही, उन्हात धरून दिसतील असे ठिपके नाहीत.

लाल कोंबडा त्यातल्या त्यात सुटतो. अगदी पहिल्या पानांपासून देठ किरमिजी, पान उलटलं की शिरा लालसर. हिरव्या रानात ती रोपं वेगळी काढता येतात, आणि मी ती आधी मोकळी करते, बोटभर अंतर ठेवून. पण नुसत्या तांबूस बुडावर जाऊ नये. कुर्डूच्याही बुडाला पुष्कळदा गुलाबी झाक असते, आणि तांदुळजाच्या रोपाची पहिली पानं खालून लाल असतात. तांदुळजा ओळखायचा पानाच्या टोकावरून, तिथं बारीकशी खाच असते. काटेमाठ असेल तर पुढं पानाच्या बेचक्यात काटे येतात. तोवर थांबलात तर हाताला कळतंच.

पिवळ्या कोंबड्याचं काय करायचं? त्याचा देठ हिरवा, पान हिरवं, शिरा हिरव्या. कुर्डूचंही तसंच. मावशींना विचारलं. त्यांनी चार रोपं हातात घेतली, चोळली, वास घेतला, आणि म्हणाल्या, "ह्ये देवालाच ठाव." मी गेली अनेक वर्षं या पट्ट्याकडं बघतेय आणि माझं उत्तरही याहून पुढं गेलेलं नाही. वीतभर वाढूनही कळत नाही. कळतं ते तुरा धरताना. कोंबड्याचा शेंडा चपटा होऊन पसरायला लागतो, कुर्डूचा निमुळता राहतो. त्याला अजून महिना-दीड महिना आहे.

बागकामाची माहिती देणारे इथं नेहमी सांगतात की शंका असेल तर राहू द्या, मोठं होऊ द्या. हा सल्ला कुंडीत दोन रोपं असलेल्यांसाठी आहे. शेकडो रोपं तळहाताएवढ्या जागेत राहू दिली तर एकही धड वाढत नाही. कोंबडा तर दाटीत काडी होऊन वर पळतो आणि नखाएवढा तुरा देतो. विरळणी करावीच लागते, न ओळखता.

कुर्डूच्या बाबतीत सुटका एवढीच की कोवळा कुर्डू आणि कोवळा कोंबडा, दोन्हींची भाजी होते. मग नियम सोपा. लाल देठाची रोपं राखायची. हिरव्या देठाच्यांतली वीतभर अंतरावर एकेक, जाड देठाची ठेवायची. बाकीचे शेंडे टोपल्यात. त्यात काटेमाठ, तांदुळजा गेला तरी बिघडत नाही, तीही भाजीच. दुधी मात्र वेचून काढायची. तुटल्यावर पांढरा चीक आला की ते रोप टोपल्यात नाही. आणि ज्याचं नाव मला आणि मावशींना, दोघींनाही येत नाही, तेही नाही.

टोपलं भरलं. भिंतीलगत आता अंतरावर उभी असलेली पाऊणशेक रोपं आहेत. त्यांतली किती कोंबडा निघतील याची पैज मी लावणार नाही.

साडेबारा

पूजा, आरती, पुरणाच्या दिव्यांनी औक्षण. नात शाळेत, म्हणून तिचं औक्षण संध्याकाळी. मुलगा पुण्याला, त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता. पानात पुरणपोळी, कटाची आमटी, आणि मूगडाळ घालून, मिरचीच्या फोडणीतली ती भाजी. सुनेनं विचारलं, "आई, ही कुर्डूची की कोंबड्याची?"

"जेव."

दोन

ऊन उतरेपर्यंत परसात काम नाही. ओसरीवर बसून सकाळच्या ढिगाची वासलात लावायची, म्हणजे कुठलं तण कुठं जाणार. फुलावर न आलेलं काँग्रेस, एकदांडी, तिळवण खतखड्ड्यात. फुलावर आलेलं खड्ड्यात नाही. काँग्रेसचं एक झाड हजारोंनी बी टाकतं आणि ते खड्ड्यातून शेणखताबरोबर पुन्हा वाफ्यात येतं. अर्धवट कुजलेलं शेणखत हीच तणांची सगळ्यांत मोठी पेरणी, हे कुणी लक्षात घेत नाही. केना आणि घोळ दगडावर उन्हात, आठवडाभर. नुसतं बाजूला टाकलं तर पेरापेरांतून मुळं फोडतात. केन्याची तर कमाल. वर निळी फुलं येतात ती वेगळी, शिवाय जमिनीखाली पांढऱ्या दोऱ्यासारख्या फांद्यांवर न उमलणारी फुलं धरतात आणि तिथंच बी करतात. वरून कापून समाधान मानणाऱ्याला केना आतून हसत असणार.

शेजारचे दादा कुंपणापाशी आले. उसात फवारणी करून परतत होते, पाठीवर पंप. "बाई, काय खुरपत बसता या वयात? पंपात थोडं औषध उरलंय, मारून देऊ का?"

हात जोडून नको म्हणाले. उसात मारतात ते टू-फोर-डी रुंद पानांची झाडं मारतं आणि गवतकुळातलं सोडून देतं. ऊस गवतकुळातला म्हणून वाचतो. त्या औषधाच्या लेखी काँग्रेस आणि झेंडू एकच. आणि हरळी, जी मला वाफ्यात खरी नकोय, तिला ते हातही लावत नाही. इतकंच नाही. टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता त्यातून फुलांवर साधं कीडनाशक मारलं तरी पानं पिळवटतात, शेंडे वाकडे होतात. वारा उसाकडून परसाकडं असेल त्या दिवशी मी देवाचं नाव घेते.

दादांना दोष देत नाही. 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप याच गावातून सुरू झाला, तेव्हा राज्यभरच्या कॅमेऱ्यांनी पुणतांब्याचं नाव घेतलं. त्या सगळ्या गदारोळात भाव आणि कर्ज बोललं गेलं, ते बरोबरच. पण भाव पुरत नाही म्हणजे काय, हे खुरपणीत आधी दिसतं. दोनदा खुरपायचं रान एकदाच खुरपलं जातं, मग औषध येतं, आणि मावशींसारख्या बायांचे दिवस कमी होतात. मावशींच्या बोटांत जे आहे ते शिकायला त्यांची सून तयार नाही. ती कारखान्याच्या ठिकाणी कामाला जाते. तिचं बरोबरच आहे.

साडेचार

नात शाळेतून आली. दप्तर टाकून आधी साक्षीच्या कुंडीकडं. हे नाव तिचं नव्हे, माझं. वाफ्यात बी टाकलं त्याच दिवशी त्याच पुडीतलं थोडं बी मी कुंड्यांत टाकते. कुंडीतल्या मातीवर आधी उकळतं पाणी ओतून ती गार होऊ दिलेली असते, म्हणजे तिच्यातलं जुनं बी मेलेलं. कुंडीवर खडूनं नाव आणि तारीख. त्या कुंडीत जे उगवेल ते पेरलेलंच, दुसरं काही असू शकत नाही. वाफ्यात शंका आली की रोप घेऊन कुंडीपाशी जायचं आणि जुळवायचं. घरच्या बागेसाठी याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

नातीनं मोबाईलवर फोटो काढून बघितला होता. तीन पानांच्या रोपाला मोबाईलनं चार नावं दिली, त्यातलं एक गाजराचं. फूल आलेल्या झाडाला तो बरोबर सांगतो. पण फूल आल्यावर मला तरी कुठं विचारावं लागतं?

आज तिच्याकडं झिनिया दिली. झिनियाच्या रेघेत एकदांडी घुसते. दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्ही खरखरीत. ती कुंडीपाशी बसली, हातात एक रोप.

"आजी, हिच्या पानाला दात आहेत. कुंडीतल्या पानाला नाहीत."

"मग?"

"मग एकदांडी."

"अजून काय?"

बराच वेळ बघितलं. "हिच्या पानाला दांडी आहे. झिनियाची पानं देठालाच चिकटलेली आहेत, दोन्हीकडून धरल्यासारखी."

शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं. निरीक्षण हा शब्द फळ्यावर लिहून तो समजावण्यात पुष्कळ तास घालवले. या कुंडीनं ते पाच मिनिटांत केलं.

बाकीच्यांना फार वेळ लागत नाही. तेरड्याचा देठ पाणीदार, उजेडात आरपार दिसणारा, पहिली पानं गोल आणि मांसल. गुलबाक्षीची पहिली पानं इतकी मोठी की बाकी कुणाशी गल्लत होतच नाही. कॉसमॉसची पानं दोऱ्यासारखी. सदाफुलीच्या चकचकीत पानावर मधली शीर पांढरी.

साडेपाच

लव्हाळा. याला ओळखायचा प्रश्नच नाही, तीन कडांची काडी बोटांत फिरवली की कळतं. प्रश्न त्याला संपवायचा. वरून उपटला की पात तुटते आणि खाली काळी गाठ राहते. तिच्यापासून दोऱ्यानं जोडलेली दुसरी, तिच्यापुढं तिसरी. चांगदेव महाराजांची समाधी आमच्याच गावात, गोदावरीच्या काठी. ते चौदाशे वर्षं जगले अशी आख्यायिका आहे. गावात त्यांच्याखालोखाल चिवट आयुष्य कुणाचं असेल तर लव्हाळ्याचं. कुदळीनं वीतभर खोल खणून, माती हातानं चाळून गाठी वेचल्या. नातीनं डबा भरला. या गाठी खतखड्ड्यात नाही, दगडावरही नाही, चुलीत.

मग झेंडूची लावणी. संध्याकाळची वेळ मुद्दाम, रात्रभरात रोप सावरतं. वाफ्याला आधी पाणी दिलं, मुळाशी मातीचा गोळा ठेवून रोपं उचलली आणि हातभर अंतरानं लावली. लावताना प्रत्येकाचं एक पान चुरडून नाकाशी. नात म्हणाली, "आजी, सकाळी बघितली होतीस ना?" बघितली होती. तरी चुरडायचं. एकदा कायमच्या जागी काँग्रेस लावून त्याला पाणी घालत बसलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

साडेसहा

मावशी परत आल्या, दसऱ्यासाठी रोपं न्यायला. झेंडूची पंधरा रोपं ओल्या फडक्यात बांधून दिली. त्यांची नजर भिंतीलगतच्या पट्ट्यावर.

"कोंबड्याची पण द्या चार."

"लाल देठाची घ्या मग."

"लाल हायेत माझ्याकडं. पिवळी द्या."

"मावशी, ती कुर्डू निघाली तर मला बोलायचं नाही."

"निघाला तर निघाला. कालवण व्हईल." त्यांनी चार रोपं स्वतःच निवडली, देठ चोळून, वास घेऊन. मग चारांतलं एक परत मातीत खोचलं.

"ते का ठेवलंत?"

"त्यो कुर्डूच हाये."

"सकाळी तर देवालाच ठाव म्हणालात."

"सकाळी तुमची मजुरी चालू व्हती, बाई," म्हणाल्या, आणि पुरणपोळीची पुडी घेऊन निघाल्या. ते एक रोप मी भिंतीलगत तसंच ठेवलंय, शेजारी काडी खोचून.